शिरेचं वळण

१६ एप्रिल, बुधवार
आजपासून बागांतल्या माशांच्या सापळ्यांच्या बाटल्या तपासायला माझ्याकडे! पॅकिंग हाऊसच्या योगिनी मॅडम म्हणाल्या, "दहावी नापास असशील, डोळे तर पास आहेत ना?" ज्या बागेच्या बाटलीत फळमाशी, तिथला आंबा परदेशी जात नाही. पण अगदी तशीच दिसणारी माशी दुसऱ्या एका कुळातही असते — पिवळट अंग, पंखावर रेघ. ती फक्त कुजलेल्या फळावर येते. निरुपद्रवी. चुकलो तर?

१८ एप्रिल, शुक्रवार
आमच्या वाडीतल्या गंगारामकाकांची बाटली. सात माशा. 'फळमाशी — ७' असं लिहिलं. बाग बाद.
काका पॅकिंग हाऊसच्या दारात येऊन कडाडले. "रोज पहाटे पडलेला आंबा न् आंबा मी उचलतो. एक सडका दाखव, मिशी काढीन!"
मी समजावू गेलो — काका, माशांची दोन कुळं असतात…
"कूळ? माझ्या बागेत? बापाच्या वेळपासून कूळ नाय! कोणी लावलान?" सातबारा आणायला निघालेच होते! सगळे हसले. मला हसू आलं नाही.
निकालाची चिठ्ठी दिली. काकांनी ती डोळ्यांजवळ नेली, परत केली. "तूच वाच मेल्या. अक्षर हाय की मुंग्या?"
माझं अक्षर! प्रत्येक वेलांटी तपासून लिहिलेलं!

१९ एप्रिल
'कूळ' दीर्घ, 'कुळं' ऱ्हस्व. एवढं कळतं मला.

२० एप्रिल, रविवार
सुट्टी. मी पंखाची रेघ बघून लिहिलं. शीर बघितलीच नाही! मॅडमनी चित्र काढून दाखवलं होतं — पंखाच्या पुढच्या कडेजवळ एक बारीक शीर. फळमाशीची शीर टोकाशी एकदम काटकोनात वळते. दुसरीची तिरकी जाऊन सावकाश कडेला मिळते.

२१ एप्रिल, सोमवार
बाटली पुन्हा उघडली. सातही पंख भिंगाखाली धरले. एकही शीर वळत नाही!
मॅडमना सांगितलं, भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. "बरोबर. खोडू नकोस, खाली दुरुस्ती लिही. सही कर." काकांची बाग पास. माझं कामही टिकलं.
बाटली परत देताना म्हणाल्या, "पण सात? बाग स्वच्छ म्हणतात ना ते? मग ही आली कशावर?"
"उद्या बागेत बघून येतो," म्हटलं.

२२ एप्रिल, मंगळवार
नवी चिठ्ठी घेऊन सकाळी बागेत गेलो. पायवाटेवरचे आंबे उचललेले. वाटेपासून दोन हातांवर, गवतात — काळे, फुटलेले, चिकट. झाडाझाडाखाली.
काका बागेच्या दगडी गडग्यावर बसले होते. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो.
"कोण? मथुरेचा पोर काय रे तू?"
"हो, काका."
त्यांनी टोपली पुढे केली. चारच आंबे होते. "सगळे उचलले बघ. दिसतो एक तरी?"
"नाही दिसत," म्हटलं मी.