पूजाचं लिव्हर

९ फेब्रुवारी १९९८
नातीचं पोट फुगत चाललंय. हातपाय मात्र काड्या. शेजारची ठमाबाई ओट्यावर येऊन विचारते, "काय गो, पूजाला दिवस गेलं काय?" म्हटलं, "तू नाक खुपसलंस ना तिच्या पोटात, म्हणून फुगलंय." गेली उठून. पण पोटात पाणी आहे. पेणच्या डॉक्टरने सुई घालून काढलं, परत भरलं.

३ मार्च
हरेशने कंपनीत रजा टाकून लेकीला मुंबईला नेलं. लिव्हरच्या शिरेत रक्ताची गाठ अडकलीय म्हणे. लिव्हर कामातून गेलं, बदलायला हवं. अठरा वर्षांची पोर. विचारलं, "बदलून जगतात?"
"काही जगतात, आये. पण गाठ परत नव्या लिव्हरात पण होते."
खोटं नाही बोलला. बरं केलं.

१९ एप्रिल
पूजा मूर्तींचे डोळे आखायची त्या गुणाजीच्या गणपतीच्या कारखान्यात मद्रासहून फोन. लिव्हर बदलायला पूजाला तिकडेच नेलंय. फोनवर सून रडतेय. म्हटलं, "अनिता, रड मागाहून, आधी सांग." लिव्हर मिळालं. अपघातात गेलेल्या कुणाचं तरी. त्याच्या बायकोने हो म्हटलं. नाव सांगत नाहीत.
नवऱ्याचं अंग अजून गरम, आणि ही बाई परक्या पोरीसाठी हो म्हणते. माझ्याने झालं नसतं.

२० एप्रिल
जगली.

११ जुलै
पूजा घरी आलीय. जेवते. रक्त पातळ राहायची गोळी रोज आहे. पण पोर पांढरी पडलेली, म्हणून मी बांधावरचा टाकळा खुडून रोज भाजी घातली — पाल्याने रक्त वाढतं. तपासलं तर गोळीचा गुण उतरलेला. डॉक्टर म्हणाले, हिरवा पाला या गोळीला मारतो. हरेश माझ्यावर ओरडला. पूजा म्हणाली, "आजीला नको बोलू. तिला वाटलं मी शेळी हाय."
सगळे हसले. मी पण. मग चुलीपाशी खुडून ठेवलेला टाकळा उकिरड्यावर टाकून आले. त्या बाईने दिलेलं मी भाजीने घालवत होते.

२२ ऑगस्ट
गाठ झाली नाही. देवाचे उपकार, पण त्या बाईचे आधी. पूजाने धुळीत जायचं नाही, म्हणून गुणाजी मूर्ती घरी आणून देतो. ती डोळे आखते. ठमाबाई केळी देऊन गेली. नाक खुपसते, पण हातही पुढे करते.

६ जानेवारी १९९९
डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. गाठी होण्याचा दोष माझ्यात निघाला; रक्त गोठू न देणारं सत्त्व अंगात कमी. माझ्यातून हरेशमध्ये, त्याच्यातून पूजामध्ये. पण ते सत्त्व लिव्हर तयार करतं, आणि तिचं लिव्हर आता त्या माणसाचं. तिच्यात दोष उरला नाही. गोळी बंद.
माझ्याकडून गेलेलं तिच्यातून काढून टाकलं. बरं झालं.