लेक्चरवाले आणि प्रश्नवाले

सोमवार, ४ ऑगस्ट
विभागाच्या हेडने आज फर्मान काढलं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरांचे दोन गट. अर्ध्यांना लेक्चर, ते स्वतः देणार. अर्ध्यांना पीबीएल, म्हणजे पेशंटची गोष्ट द्यायची, उत्तर पोरांनीच शोधायचं. ते माझ्या गळ्यात. मग टेस्ट, तुलना आणि हैदराबादच्या परिषदेत पेपर. निष्कर्ष मात्र आत्ताच लिहून तयार: नवी पद्धत सरस! टेस्ट व्हायचीय अजून. शिसारी आली.

गुरुवार, ७ ऑगस्ट
पहिला वर्ग. केस मीच लिहिलेली. कापसावर फवारणी करून आलेला माणूस, घामाने निथळतोय, लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी गप्प बसायचं असा नियम. कार्तिकने फोनमध्ये पाहून लगेच विषाचं नाव वाचलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. झालं शिक्षण.
शेजारच्या हॉलमध्ये हेड स्लाइड वाचून दाखवतात, पोरं स्लाइडचे फोटो काढतात. कोणी कोणाकडे पाहत नाही. तुलना कसली करायची? दोन्हीकडे सारखीच घाण.

सोमवार, ११ ऑगस्ट
फोन काढून घेतले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग प्रज्ञा, तलमडुगू गावची, कधी तोंड न उघडणारी: "मॅडम, औषद तं अंगावर उडालं. मंग लाळ काऊन गळून राह्यली?"
मी नुसता खडू पुढे केला. कार्तिक उठला, फळ्यावर नस काढली, स्नायू काढला. चुकला. दुसरीने पुसून परत काढलं. तेलुगूत नुसती भांडाभांडी. बेल झाली तरी कोणी हललं नाही. घरी येताना एकटीच हसत होते.

बुधवार, २० ऑगस्ट
टेस्ट तपासली. लेक्चरवाले पुढे. चांगलेच पुढे. प्रश्न हेडने आपल्याच स्लाइडमधून उचललेले, हे खरं. माझी पोरं लाळ-घामात इतकी रमली की अर्धा धडा राहूनच गेला, हेही खरं.
हेड: "मॅडम, रिझल्ट उल्टा कैसे आया? आपके ग्रुप को पार्टिसिपेशन के मार्क्स जोड़ दो।"
नाही जोडले. संध्याकाळी त्यांनी क्लार्ककडून जोडून घेतले.

रविवार, २४ ऑगस्ट
बेल्याला, माहेरी. बाबा: "काऊन तोंड पाडून बसली?"
सांगितलं सगळं. ते जन्मभर शाळेत मास्तर. म्हणाले, "मी बी बोलूनच शिकवलं ना. पन पोरायच्या डोयात पाहून बोलत होतो. तुया सायब तं भिताडाले वाचून दाखवते." मग, "आन् मार्क वाढवनं म्हन्जे..." उठून अंगणात गेले.

सोमवार, २५ ऑगस्ट
हेडने भर वर्गात जाहीर केलं, पीबीएल गट जिंकला. टाळ्या. कार्तिकला खांद्यावर घेतलं पोरांनी.
नंतर जिन्यात प्रज्ञा भेटली. "मॅडम, मी अर्धा पेपर कोरा सोडला व्हता. बाकीच्यायचं बी तसंच. आमी जिंकलो कशे?"
खरं ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला.
"मंग सर खोटं काऊन बोलले?"
हेडला त्या परिषदेत मिरवायचंय म्हणून, हे तिला सांगू? मी प्रॅक्टिकलचं निमित्त करून सटकले. स्वतःचीही किळस.

मंगळवार, २६ ऑगस्ट
प्रज्ञाने हेडला विचारलं. आता दोन्ही गट एकत्र, त्यांच्या भर लेक्चरमध्ये उभी राहून, सगळ्यांसमोर: कमी मार्क पडले तर आम्ही जिंकलो कसे?
"किसने बोला तेरे को?"
माझं नाव घेतलं नाही पोरीने. म्हणाली, समजलं नाही तर विचारायचं, असं पीबीएलमध्ये शिकलो. वर्ग हसला. हेड हसले नाहीत. तिचे इंटर्नल मार्क त्यांच्या हातात.
गुरुवारी तिला केबिनमध्ये बोलावलंय. मला नाही. म्हणजे मी गप्प बसले तर माझ्यापर्यंत काही येत नाही. हा विचार माझ्याच डोक्यात आला. थू.

गुरुवार, २८ ऑगस्ट
केबिनबाहेरच्या बाकावर. प्रज्ञा शेजारी, ओढणीचं टोक पिळतेय.
"मॅडम, तुमाले बी बलावलं?"
"नाही."
आत हेड फोनवर, परिषदेचंच बोलणं चाललंय. मोठ्याने हसतात.
शिपायाने तिचं नाव पुकारलं. ती उठली. मी हात धरून तिला खाली बसवलं.
"तुला सांगितलं ते मी. आधी मी जाते."