सुतारांच्या पुसलेल्या तीन ओळींबाबत

दिनांक २ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी सव्वानऊला मी दुकान उघडले, फडक्याने टेबल पुसले, कीबोर्ड उलटा करून झटकला, हात जोडले आणि संगणक चालू केला. तो जागा होईपर्यंत मी पेन्सिलींना टोक काढतो. दुसऱ्या पेन्सिलीला टोक काढत असताना सुतारांची थोरली मुलगी आत आली. तिने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. त्यानंतर त्या दिवशी माझ्या हातून एक अक्षरही टाइप झाले नाही. हे मृत्युपत्र मी त्या कागदामुळे करीत आहे.

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा नोंदणी कचेरीसमोर लोकांचे दस्त टाइप करून देण्याचा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तब्येत बरी आहे आणि माझ्या मागे उभे राहून कोणी हे लिहवून घेत नाही. (बायको मागे उभी आहे, पण ती रिकामा कप न्यायला आली आहे.) हे वाक्य मी इतरांसाठी चारशेच्या वर वेळा टाइप केले. स्वतःसाठी टाइप करताना हात थांबला. या दस्तात कोणाचेही नाव टाइप केलेले नाही. नावे छापील प्रतीवर पेनाने भरीन. कारण कलम तीनमध्ये येईल.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, त्यातील सर्व वस्तूंसह माझ्या पत्नीस. बँकेत जे असेल तेही तिचेच. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल माझी देवाकडे तक्रार होती, ती मी काही वर्षांपूर्वी मागे घेतली. स्वयंपाकघरातल्या खिडकीचा अडसर दुरुस्त करायचे मी नऊ वर्षे कबूल करीत आलो. माझ्या हयातीत झाले नाही तर ते वचन माझ्याबरोबर संपले असे समजू नये. कोणाकडून तरी करून घ्यावे.

कलम २. दुकानातील संगणक, प्रिंटर आणि लाकडी खुर्ची माझ्या भाचीस. ती दूरच्या शहरात संगणकाच्या कचेरीत काम करते. सात वर्षांपूर्वी हा संगणक भंगारात निघाला होता, तेव्हा तिने त्यावर लिनक्स घालून त्याला उभे केले. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. त्याखाली ठेवलेला लाकडी तुकडा सुतारांनी स्वतः तासून दिला होता. तो हलवू नये.

कलम ३. हे कलम वाटणीचे नाही, कबुलीचे आहे.

मी गावच्या शाळेत पाटीवर शिकलो. पाटी पुसली की पुसली. संगणकातही तसेच असते असे मी सतरा वर्षे धरून चाललो. दस्त टाइप करायला माझ्याकडे एक मोठा, भारी प्रोग्राम होता. त्यात काही खोडले की ओळ लाल होऊन तिच्यावर रेघ पडे आणि कडेला खोडल्याची वेळ आणि खोडणाऱ्याचे नाव उमटे. ते डोळ्यांना बरे दिसेना. म्हणून मी बदल झाकण्याचे बटण शोधले आणि ते दाबून ठेवले. लाल रंग गेला. मला वाटले, ओळही गेली. ती गेली नव्हती. नुसती झाकली होती. लोकांनी माझ्या टेबलापाशी बसून रागाने सांगितलेले आणि मग मागे घेतलेले सगळे शब्द त्या त्या फायलीत तसेच बसून होते.

सुतारांनी तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून मृत्युपत्र करून घेतले. ते या श्रावणाच्या आधी वारले. धाकट्या मुलाने वकिलासाठी माझ्याकडून फाइल मागितली, मी पाठवली. त्याने ती बहिणीला पाठवली. तिच्या कचेरीतल्या संगणकावर झाकण नव्हते. तिने छापून आणलेल्या कागदावर तीन ओळी लाल होत्या:

"माझी थोरली मुलगी मला मेली. माझ्या घराला, माझ्या हत्यारांना आणि माझ्या शेवटच्या दर्शनाला तिचा हात लागू नये. तिची आई तिची वाट बघत गेली."

"काका, हे बाबांनी सांगितलं होतं?" तिने विचारले.

मी वाचत होतो, पण डोळ्यांपुढे अक्षरे जुळत नव्हती.

"सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"आणि पुसलं कोणी? इथं कडेला पुसणाऱ्याचं नाव तुमचं आहे. बाबांचं नाही. धाकट्यानं सांगितलं ना तुम्हाला? लोक काय म्हणतील म्हणून?"

मी कागद तिच्याकडे परत सरकवला. माझ्या गुरूंनी, ज्यांच्या हाताखाली मी दस्त लिहायला शिकलो, पहिल्याच दिवशी शपथ घातली होती: टेबलापाशी ऐकलेले टेबलापाशीच मरते. ती मी कधी मोडली नव्हती. शिवाय खरे सांगायचे तर माझी चूक कबूल करावी लागली असती.

"मला मृत्युपत्रातलं अर्धं घर नको," ती म्हणाली. "ज्यानं दिलंच नाही त्याचं घेऊ कशाला? धाकट्याची दया नको मला. माझं हक्कसोडपत्र टाइप करून द्या. सोमवारी येते."

"प्रिंटर बिघडलाय," मी म्हणालो. प्रिंटर बिघडला नव्हता.

कलम ४. त्यानंतरचे आठ दिवस मी दुसरा एडिटर, म्हणजे टाइप करायचा प्रोग्राम, शोधण्यात घालवले. तो कसा निवडला हे भाचीसाठी लिहून ठेवतो, कारण हा संगणक तिच्याकडे जाणार आहे.

मी तिला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, तुम्ही पत्र टाकायला ट्रक घेऊन जात होता. तुम्हाला सायकल हवी. साधा टेक्स्ट एडिटर घ्या. जे दिसेल तेच साठवतो, बाकी काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. ठळक अक्षरसुद्धा नाही."

पहिला काळ्या पडद्याचा होता. आत गेलो, पण बाहेर पडायची वाट सापडेना. सगळी बटणे दाबून झाली, शेवटी वायर ओढली. भाची हसत सुटली, म्हणाली, "मोठे मोठे लोक अडकलेत त्यात, मामा." दुसऱ्यात ओळ उजवीकडे पळतच राहायची, पानाला काठच नाही. तिसरा देखणा होता, पण उघडायलाच मला दोन पेन्सिलींना टोक काढावे लागे आणि कडेला सारखी काहीतरी सूचना लुकलुके. चौथा मी हात जोडून सोडायच्या आत उघडला. पांढरे पान, एक उभी रेघ, मोठे अक्षर, ऱ्हस्व वेलांटी जिथल्या तिथे. मी "अ" लिहिला, साठवला, पुसला, पुन्हा साठवला आणि फाइलचे वजन बघितले. शून्य. त्या शून्याकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी त्याच फाइलशेजारी मला तिच्याच नावाची आणखी एक फाइल दिसली. नावाच्या शेवटी एक लाटेसारखी खूण होती. उघडली. आत कालचा "अ" होता.

मी खुर्चीवरून उठलो तो भिंतीला टेकलो. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. "काय झालं? विंचू?"

भाची फोनवर म्हणाली, "मामा, घाबरू नका. आधीची प्रत ठेवतो तो, तुमच्याच सोयीसाठी. सेटिंगमध्ये एक खूण आहे, ती काढा." काढली. त्यानंतर अकरा वेळा लिहून, साठवून, पुसून, पुन्हा साठवून तपासले. आता ठेवत नाही. हे मृत्युपत्र त्यातच लिहिले आहे. तरीही नावे पेनानेच भरणार.

कलम ५. शेजारच्या झेरॉक्सवाल्यास काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही द्यायचे नसते आणि मलाही त्याला काही द्यायचे नाही, त्यामुळे त्याच्याइतका योग्य साक्षीदार दुसरा नाही. वीस वर्षांत त्याने माझा स्टेपलर चौदा वेळा नेला आणि तेरा वेळा परत केला. विंचू समजून धावत आला ते मात्र मी विसरणार नाही.

कलम ६. संगणकातले चारशे बारा जुने दस्त मी एकेक उघडून, झाकलेल्या ओळी कायमच्या काढून, साध्या मजकुरात साठवले. मूळ फायली परत वर येऊ नयेत अशी व्यवस्था भाचीने केली. त्या ओळी मी वाचल्या नाहीत असे लिहिणार होतो, पण हा दस्त खरा असला पाहिजे. काही वाचल्या. माणूस पंधरा मिनिटांपुरता किती भयंकर होऊ शकतो आणि सोळाव्या मिनिटाला कसा घाबरून मागे येतो, हे मी तिथे बघितले. ज्यांच्याकडे जुनी फाइल आहे त्यांना फोन करून चूक सांगितली आहे. एकोणीस जणांनी शिव्या दिल्या. माझ्या पश्चात कोणी आले तर पत्नीने माझ्या वतीने क्षमा मागावी, वाद घालू नये.

कलम ७. या कलमात माझ्या थोरल्या भावाबद्दल चार वाक्ये होती. पुसली आहेत. शेताच्या बांधावरून होती, एवढे पुरे.

कलम ८. सुतारांच्या थोरल्या मुलीस एक बंद पाकीट.

हे कलम मी प्रथम असे लिहिले होते: "माझ्या मृत्यूनंतर सदर पाकीट तिच्या हाती द्यावे." आत माझ्या हाताने लिहिलेला जबाब होता. गुरूंची शपथ मी जिवंतपणी मोडणार नव्हतो, मेल्यावर माझा कागद मोडणार होता. मला ही युक्ती फार चांगली वाटली. पत्नीने कच्चा मसुदा वाचला. ती सहसा माझ्या कामात बोलत नाही.

"तुम्ही कधी मरणार?" तिने विचारले.

"असं काय विचारतेस?"

"नाही, त्या पोरीला सांगायला हवं ना, किती दिवस थांबायचं ते. दोनदा येऊन गेली ती. तुमचा प्रिंटर दुरुस्त होईना." मग कप उचलून म्हणाली, "आठ दिवस एडिटर शोधताय की तोंड लपवताय?"

काल, सोमवारी, मी दुकान बंद ठेवले आणि पाकीट घेऊन तिच्या घरी गेलो. दारातच तिने विचारले, "झालं सोडपत्र?" मी म्हणालो, नाही, आधी हे ऐक. पाकीट फोडले, पण जबाब वाचला नाही. तोंडानेच सांगितले.

तिच्या वडिलांनी त्या तीन ओळी सांगितल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पुढची कलमे सांगता सांगता ते थांबले. करवती, रंधे, पटाशा यांची यादी चालली होती. पटाशीपाशी आले. ती लहानपणी भुशात बसून पटाशीने खेळायची, असे म्हणाले. मग त्या ओळी सांगितल्यापासून पाऊण तासाने म्हणाले, "ते वरचं काढा. तिला सुट्टी मिळाली नसेल. मी तरी कुठं विचारलं? अर्धं घर तिचं लिहा." मी काढले. त्यांना वाचता येत होते, तरी माझ्याकडून तीन वेळा मोठ्याने वाचून घेतले. मग उठून पडद्यावर, जिथे त्या ओळी होत्या तिथे, बोट ठेवले आणि विचारले, "इथं होतं ना? गेलं ना?"

"गेलं," मी त्यांना म्हणालो होतो.

पुसणारे नाव माझे होते, कारण संगणक माझा होता. पुसायला लावणारे ते होते. मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

ती उंबऱ्यावर खाली बसली. मग विचारले, "पाऊण तास?"

"पाऊण तास."

"आईच्या वेळी सुट्टी खरंच नव्हती मिळाली, काका," ती म्हणाली. "मी अर्ज तीनदा केला होता." मग पदराने चेहरा पुसून, "सोडपत्र टाइप करू नका."

जबाबाच्या दोन पानांवर मी तिच्यासमोर तारीख घालून पुन्हा सही केली आणि ती पाने तिच्या हाती दिली. सबब कलम ८ माझ्या हयातीतच पुरे झाले असून माझ्या पश्चात त्याखाली कोणीही काहीही करावयाचे राहिलेले नाही.

लिहून देणार: (सही पेनाने)

आमच्या देखत सही केली, करताना हात स्थिर होता:
साक्षीदार १: शेजारचा झेरॉक्सवाला (सही)
साक्षीदार २: समोरची मुद्रांक विकणारी बाई (सही)

ठिकाण: माझे दुकान, दार उघडे ठेवून
दिनांक: १४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी अकरा