मरून राहणे आणि मरणे

महाल, नागपूर
संक्रांतीनंतरचा सोमवार, १९८२

राजमान्य राजश्री गणपतराव यांना देवरावचा, थेट कुहीपर्यंत पोचेल असा, रामराम.

तुमचे गुडघे वाकतात का, धान घरात आलं का, आणि वहिनींनी तुमची तंबाखू सोडवली की अजून भांडण चालू आहे, ते कळवणे. इकडे मी ठणठणीत आहे. तुमची बहीण गेल्या आठवड्यात वारली होती, आता बरी आहे. (पत्र खाली ठेवू नका, पुढं वाचा.)

झालं असं, की आमच्या खात्यानं पेन्शनरांच्या दवाखान्यांची व्यवस्था बदलली. रुख्मिणीचा दमा आपले महालातले अनंत डॉक्टर किती वर्षांपासून सांभाळतात, तुम्हाला ठाऊकच आहे. (तिच्या चपलांच्या आवाजावरून त्यांना कळतं, आज सुई लागणार की नुसती पुडी.) ते यादीत आहेतच, पण त्यांच्याकडे गर्दी फार म्हणून आम्हा अर्ध्या म्हाताऱ्यांना बेसाच्या नव्या दवाखान्यात ढकललं. बेसा म्हणजे शेतं, धूळ आणि मधून मधून रस्ता. सायकलरिक्षावाला म्हणाला, चढावर तुम्ही ढकलाल तर येतो. मी ढकललं. पोचेपर्यंत धुळीनं तिचा श्वास असा अडकला, की नव्या डॉक्टरांनी आधी मलाच तपासलं (मी जास्त घाबरलेला दिसत होतो). येताना मनाशी ठरवलं, हिला आपल्या डॉक्टरांकडेच ठेवायचं. नाही तर या रस्त्यावरच एक दिवस मी तिला गमावून बसेन.

म्हणून हापिसात गेलो. साहेब नवा, पुण्याकडचा, कोवळा आणि फार सभ्य. मी कळवळून सांगितलं, "साहेब, माही बायको दम्यानं मरून राहिली."

आता आपल्याकडं माणूस जेवून राहतो, आंघोळ करून राहतो, तसाच मरून राहतो. म्हणजे काम चालू आहे, आटोपलेलं नाही. पण साहेब खुर्चीतून उठलाच. मला पाणी दिलं, धीर धरा म्हणाला. मला वाटलं, पुण्यात दम्याला भारीच मान दिसतो. केव्हा झालं, असं त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, थंडी सुरू झाली तेव्हापासून. मग आमचं दवाखान्याचं कार्ड मागून घेतलं, त्यावर काहीतरी करून मिटून परत दिलं, आणि सवडीनं दाखला आणा, म्हणाला. मी समजलो, डॉक्टरांचा. घरी येऊन कार्ड उघडतो तर रुख्मिणीच्या नावावर तांबडी रेघ! ती समोर ओट्यापाशी खोकत उभी होती, तरी मी जाऊन तिची नाडी पाहिली, खोटं कशाला सांगू.

तिनं मात्र पदर खोचला. दुसऱ्या दिवशी साहेबापुढे खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मी मरून राहिली गा बाबू, मेली नाही. मेली की सांगीन तुले."

साहेब इतका पांढरा पडला, की त्याला पाणी तिनंच पाजलं. मग उलगडा झाला, पण नवाच घोळ निघाला. मेलेलं नाव जिवंत करायची सोय नियमात नाही, ते नव्यानंच घालावं लागतं. आणि नव्या नावाला (इथं टोपी नीट करा, मेहुणे) डॉक्टर स्वतः निवडायचा हक्क! जुन्यांनी नेमून दिलेल्या दवाखान्यात जायचं, नव्यांनी मागावा तो मिळतो. कोणता डॉक्टर लिहू, असं साहेबानं विचारताच, जी बाई नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाही तिनं अनंत डॉक्टरांचं नाव अख्ख्या हापिसाला ऐकवलं. जिंकलो आम्ही! दोन सुयांत दमा उतरला. आता दुपारी ती घोरते, आणि इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नाही.

आपला विजयी,
देवराव

ता. क. वर मी ठणठणीत लिहिलं ते शुभ बोलावं म्हणून. रिक्षा ढकलल्यापासून माझी कंबर धरली आहे, आणि माझं नाव अजून बेसालाच आहे. तर येत्या सोमवारी धुतलेलं धोतर नेसून या आणि साहेबापुढे एवढंच म्हणा, आमचे देवराव मरून राहिले. यात खोटं काहीच नाही.

आणखी ता. क. हे रुख्मिणीनं वाचलं. म्हणते, साहेब आता आपली बोली शिकला, या खेपेला तुम्हाला खरंच मरावं लागेल. मी रागावून पाहतो तर ती हसून राहिली. मघापासून हसून राहिली, आणि एकदाही खोकली नाही.