मंगळवारचे थेंब

येवला, १५ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अंबडच्या कारखान्याने तुझे कान खाल्ले, फोनवर मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. यशश्रीची पैठणी पदरापर्यंत आली. लग्नाआधी आठ दिवस पोचती करते, वहिनीला सांग.

डोळ्यांची लाली उतरली. पण बाहुली मोठी करायचे ते थेंब, बाई गं! दोन्ही डोळ्यांत रोज तीनदा घालायचे, आणि घातले की उजेड सोसवत नाही, हातातला धागा दिसत नाही. मग मी युक्ती काढली. मंगळवारी बाजार, आमचा माग बंद. आठवड्याचे सगळे थेंब त्याच दिवशी घालते! काल तोंड कोरडं पडलं, छाती धडधडली, पण ती संक्रांतीची दगदग असेल.

तिळगूळ पाठवते आहे. माया पातळ करू नकोस.
तुझी इंदिरा

नाशिक, १८ जानेवारी

चि. सौ. इंदिरास,
अ. उ. आ.

तिळगूळ उत्तम, युक्ती भिकार.

तुझं पत्र इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. अशा आजारात डोळ्याच्या आत सूज असते. बाहुली मोठी राहिली नाही तर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं, आणि घट्ट चिकटलं की सुटेलच असं नाही. जवळचं धूसर दिसणं हा त्या औषधाचा गुणच आहे. एकदम ओतलेले थेंब नाकावाटे अंगात उतरतात, छाती धडधडली ती त्यामुळे. संक्रांतीला बोल लावू नकोस.

तेव्हा सांगितले तेवढेच घाल. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा जरा दाबून धर, हात धू. शेजारणीचे डोळे आले तरी बाटली द्यायची नाही. बाहेर गॉगल लाव, हसतील त्यांना हसू दे. आणि आधी तुझ्या डॉक्टरांना जाऊन खरं सांग.

रागावलो आहे, पण तुझाच,
दादा

येवला, २२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जाऊन आले. उजव्या डोळ्यात एका बाजूला चिकटलंय. रोज थेंब घातले तर बहुधा सुटेल म्हणतात. दादा, मला भीती वाटते. पण पदर कोण विणणार? ह्यांना नक्षी जमत नाही. भाचीला माझ्या हातची पैठणी, हे मी तिच्या बारशालाच बोलून बसले. पंधरा दिवसांत पदर उरकते, मग घालते हवे तेवढे.

रागावलास तरी पत्र लिही.
इंदिरा

नाशिक, २५ जानेवारी

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा रागाने कागद हातात घेत नाहीत, म्हणून मी लिहिते. पदर राहू दे. मी आईचा शालू नेसेन. तुझे डोळे घालवून विणलेली साडी मी अंगाला लावणार नाही, तुझी शपथ. अंतरपाट बाजूला झाला की मी तुझ्याकडे बघणार आहे. तेव्हा तुलाही मी दिसायला हवी ना गं?

उत्तर लवकर दे, नाहीतर मीच येते.
यशश्री

येवला, ३१ जानेवारी

ती. दिवाकररावांस,
सा. न. वि. वि.

अक्षर तुमच्या बहिणीचं नाही. मी सावळीराम लिहितो आहे. इंदिरेला सध्या जवळचं काही दिसत नाही, कारण रोज तीन वेळा थेंब मीच घालतो. काल डॉक्टरांनी पाहिलं. थोडं सुटलंय, थोडं बाकी आहे. माग झाकून ठेवला. झाकताना ती फार रडली.

इथवरचं पत्र तिला वाचून दाखवलं. माझ्या अक्षराला नावं ठेवायची म्हणून तिने कागद लांब धरला, जवळ धरला, मग सही कुठे करू ते विचारलं. आता तिचं बोट धरून जागा दाखवतो.

इंदिरा