पहिलंच गिऱ्हाईक

२८ जून, शनिवार

पाटी लागली! 'घर विकणे आहे.' शालिग्राम दलालाने गेटला तारेने बांधली. हे दोनदा बाहेर जाऊन वाचून आले, जसं काही दुसऱ्याचंच घर आहे. पुनमचा धुळ्याहून फोन — "आई, घाई करू नका. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तुमच्यासाठी दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे. बाबांच्या गुडघ्यांना बरं."

२९ जून, रविवार

दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक! सुकदेव आणि रूपा, नवरा-बायको. मूळचे चोपड्याचे, घरची केळी. तो इथे जळगावात नोकरीला. बरोबर त्याची म्हातारी आई, भिकुबाई.

लोक घर बघायला आले की नळ सोडून बघतात, ओल शोधतात. ह्यांनी काही म्हणजे काही बघितलं नाही! म्हातारी हॉलच्या मधोमध उभी राहिली, चारी भिंतींकडे बघितलं आणि म्हणाली, "घर मोठं शे माय. बठ्ठा बसतीन."

सगळे बसतील — कोण सगळे? विचारायचं राहूनच गेलं.

आम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा चार लाख कमी म्हणतात. वर किल्ली श्रावणाच्या आधी हवी!

३० जून

शालिग्राम हसला. "ताई, पहिल्याच गिऱ्हाइकाला कोणी हो म्हणतं का? दसऱ्यापर्यंत थांबा, मागाल तो भाव मिळेल." हेही त्याच्याच बाजूने. चार लाख म्हणजे धुळ्यात सरळ एक खोली कमी. मलाही पटलं. नाही म्हणून कळवायचं ठरलं.

२ जुलै, बुधवार

कळवायला फोन केला, तर रूपा स्वतःच येऊन बसली. एकटी. चहासुद्धा घेईना.

"अक्का, चोपड्याच्या घराची वाटणी झाली. मधून भिंत घातली. एका बाजूला मोठे जेठ, अमृतभाऊ. दुसरी बाजू आमची. बोलणं बंद. तेव्हापासून आमची कानबाई बसली नाही."

कानबाई म्हटल्यावर मी सरसावून बसले. माझ्या माहेरची देवी ना ती! नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालायची, दागिन्यांनी मढवायची, रात्रभर जागायचं. प्रसादाच्या रोटांचा गहू घ्यायचा तो घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने, मुठी मोजून. अख्खी भावकी एका छपराखाली जेवते.

"सासूबाई म्हणतात, एका पोराचा गहू वगळून दळू कशी? आणि दोघांचा घेतला तर बसवू कुठे? भाऊ आमच्या बाजूला पाय ठेवत नाहीत, आम्ही त्यांच्या बाजूला जात नाही. इथल्या भाड्याच्या दोन खोल्यांत काय मावणार? जळगावात मोठं घर घेतलं, जे वाटणीतलं नाही, तर तिथे येईन — एवढंच भाऊ बोललेत."

आमचा हॉल! मी आजवर त्यात पापड वाळत घातले आणि ह्यांच्यावर ओरडले!

३ जुलै

ह्यांना सगळं सांगितलं. "अगं, भाव पाडायला लोक असं काहीबाही सांगतात." मी भांडले. मग हळूच म्हणाले, "चार लाख फार होतात गं."

होतातच. उद्या एखादं आजारपण निघालं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? मलाही भीती वाटते. पण म्हातारी डोळ्यापुढून हलत नाही.

५ जुलै, शनिवार

"देऊन टाकू या," म्हटलं. "तू त्या दिवशीच ठरवलं होतंस," हे म्हणाले. आणि सुकदेवला फोन स्वतःच लावला! जरा वेळाने माझ्या हातात दिला — "तू बोल. तो रडतोय, मला नाही जमत."

शालिग्राम म्हणतो, "ताई, बुडालात तुम्ही."

१९ जुलै

किल्ली दिली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर निघालेच नसते.

४ ऑगस्ट, सोमवार. धुळे

काल आम्हाला बोलावणं होतं. जळगावला गेलो. काय सांगू! चपला पार शेजारच्या गेटपर्यंत. हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नाही, आणि समोर भिंतीशी ती — नथ घातलेली, फुलांत बुडालेली. हा आमचाच हॉल? मला ओळखू येईना.

अमृतभाऊ उशिरा आले. दारातच थांबले. कोणी या म्हणेना, ते आत येईनात. भिकुबाईंनी मान वर न करताच म्हटलं, "अमृत, तुन्हा गहू बी दळेल शे."

त्यांच्याही नावाचा गहू दळलेला! आले आत! सुकदेवच्या शेजारी बसले. दोघांचे हात एका परातीत! आम्ही परक्या कुळाचे, तो रोट आम्हाला चालत नाही. भिंतीला टेकून नुसते बघत राहिलो. देवळं मी पुष्कळ पाहिली, पण असं कधी पाहिलं नव्हतं. हे डोळे पुसत होते. म्हणे उदाचा धूर गेला.

इथे आल्यावर एका खोलीत हे, मी आणि त्यांचा रेडिओ. असू दे.

२४ ऑगस्ट, रविवार

सुकदेवचा फोन. चोपड्याची भिंत काल पाडली. पहिली पहार अमृतभाऊंनी घातली! पुढच्या वर्षीपासून कानबाई तिकडेच, जुन्या जागी.

म्हणजे आमच्या हॉलात तिला एकदाच यायचं होतं.