माझा डोझर आणि तो मोझेस

सोमवार, २ एप्रिल १९७३
आज कॅम्पवर नवा मेकॅनिक आला. नाव मोझेस. वय तिशीच्या आत. पाझर तलावाच्या मातीकामावर इस्त्रीचा शर्ट घालून! साहेब म्हणाले, "राधाकृष्ण, हा तुमच्या जोडीला." म्हणजे माझ्या हाताखाली. साहेबांना तसंच म्हणायचं असणार.
माती लोटणारा हा चेनचा डोझर आठ वर्षं मी सांभाळतोय. त्याचं दुखणं मला न बघता कळतं. सध्या ब्लेड उचलताना कण्हतो, वेळ लावतो, ऑइल तापतं. वय झालं, दुसरं काय!
निश्चय: त्याने पेटी उघडायच्या आत आपण दुरुस्ती करून मोकळं व्हायचं.

मंगळवार, ३ एप्रिल
पेटी त्याने सकाळी सातलाच उघडली. आत ऑइलचं प्रेशर मोजायचं गेज. मखमलीत ठेवलंय, नवरीचा दागिना असल्यासारखं.
मला गेज लागत नाही. पंपाला कान लावला. निदान: पंप गेला. साहेबांना म्हणालो, मुंबईहून नवा मागवा. साहेबांनी मोझेसकडे पाहिलं. सांगतोय मी, बघायचं त्याच्याकडे?
तो म्हणाला, "आधी टाकी बघू. ऑइलला फेस आहे, पाइपात कुठून तरी हवा शिरतेय."
फेस दुधालाही येतो.

बुधवार, ४ एप्रिल. पाडवा
बायकोने, मनकर्णाने, पुरणपोळ्या केल्या. चार पोळ्या झाकून मोझेसच्या तंबूत पाठवल्या. विचारलं, का? म्हणाली, "सणाला एकटाच हाय बिचारा."
बुद्धीच्या बाबतीत या कॅम्पवर मीही एकटाच आहे. मला दोन वाढल्या.

शनिवार, ७ एप्रिल
दोन्ही सिलिंडर खोलले, नवी पॅकिंगं बसवली. एकट्याने. मोझेस विचारतो, पॅकिंगचं तोंड कुणीकडे ठेवलंत? म्हणालो, आतल्या बाजूला. अशा माणसाला आणखी काय सांगायचं?
आता ब्लेड वर जातं आणि आपलं आपण खाली येतं. हालचाल वाढली. सुधारणेचं लक्षण.

गुरुवार, १२ एप्रिल
मोझेसने सिलिंडर पुन्हा खोलून पॅकिंगं उलटी बसवली. त्याच्या मते सुलटी. ब्लेड वर थांबायला लागलं. ड्रायव्हर छगन त्याला म्हणाला, "मानलं बुवा तुमाला!" छगन आठ वर्षं माझ्याबरोबर आहे. मला कधी मानलं नाही.
पण कण्हणं चालूच. मोझेसला टाकीपासून पंपाकडे जाणारा पाइप बघायचाय. त्यासाठी खालचा पत्रा काढावा लागतो, त्याला मोठा पाना लागतो. मी सांगितलं, तो पाना केडगावच्या वर्कशॉपात आहे. आहे माझ्या खाटेखाली. पण पाना मूळचा केडगावचाच, तेव्हा खोटं काही बोललो नाही.
साहेब चिंतेत. मृगाच्या आत बांध पुरा झाला नाही, तर पहिल्याच पुरात तीनशे माणसांनी टाकलेली माती वाहून जाईल. रंगुबाई मुकादमीण मला म्हणाली, "मिस्त्री, आमच्या गावात प्यायला टँकरचं पानी हाय. तुमचं कधी व्हायचं?" म्हणालो, चार दिवसांत.

शुक्रवार, २० एप्रिल
चार दिवसांचे आठ झाले. मोझेस ईस्टरला नगरला गेला. सोमवारी येणार. मैदान मोकळं.

शनिवार, २१ एप्रिल, दुपारी
जमलं! साहेब दौऱ्यावर, बाकी सगळे भाकरी खायला गेले होते. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू तीन आटे आवळला. प्रेशर फार झालं की हा व्हॉल्व्ह ऑइलला परतीची वाट देतो. ती वाट मी बंदच केली. जोर वाया का घालवायचा?
ब्लेड झपकन वर! रंगुबाई ओरडली, "उठलं गं बया! मिस्त्रीनं उठवलं!" सगळ्या बायांनी पाट्या वाजवल्या. छगनसुद्धा हसला. मोझेस इथे नव्हता याचं फार वाईट वाटलं.

सोमवार, २३ एप्रिल
ऑइलचा रबरी होज फुटला. छगनच्या उजव्या हातावर तापलेलं ऑइल. कोपरापर्यंत. ट्रकमध्ये घालून नगरला नेलं. ट्रक दिसेनासा होईपर्यंत त्याचं ओरडणं ऐकू येत होतं.
मोझेस त्याच ट्रकबरोबर उलटा गेला. येऊन पाचच मिनिटं झाली होती.
साहेबांनी विचारलं, व्हॉल्व्हला हात कुणी लावला? मी बुटाची लेस बांधत होतो. साहेब म्हणाले, मग छगननेच लावला असणार, बरा झाला की घरी बसवतो. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
जेवलो नाही.
निश्चय: उद्या सकाळी साहेबांना सांगायचं.

मंगळवार, २४ एप्रिल
साहेब कामात होते. दोनदा तंबूपर्यंत जाऊन आलो.
संध्याकाळी कळलं, मोझेस नगरहून येऊन साहेबांना सांगून मोकळा झाला: "ईस्टरला जाण्याआधी स्क्रू मीच आवळला, छगनचा काही संबंध नाही."
आवळला मी! त्याला चार दिवसांत वेळ तरी होता का? या माणसाला सगळीकडे पुढे पुढे करायची सवयच आहे. माझी चूकसुद्धा मला ठेवली नाही.

गुरुवार, २६ एप्रिल
मनकर्णाने खाटेखाली झाडताना पाना काढला आणि थेट मोझेसला नेऊन दिला. मला विचारलंही नाही.
त्याने पत्रा काढला. इंजिन चालू ठेवून पाइपाच्या सांध्याला ग्रीस चोपडलं. कण्हणं बंद. सांध्यातून हवाच शिरत होती. पाइपाचा चिरलेला तुकडा बदलला, पट्टी आवळली, गेज लावून स्क्रू जागेवर आणला. अर्ध्या दिवसात ब्लेड नव्यासारखं.
पंपाला काही झालं नव्हतं म्हणे. माझ्या मते दोन दिवस टिकेल.
साहेबांनी तरीही मोझेसची बदली केली. जखमी माणसाचा रिपोर्ट वर जातो, कुणाचं तरी नाव लागतं.

मंगळवार, १ मे
तो केडगावला गेला. बायांनी त्याच्या पिशवीत शेंगा भरल्या. छगन हात गळ्यात बांधून निरोपाला आला होता. माझ्याशी बोलला नाही. दुखत असेल.
आता कॅम्पवर मी एकटा मेकॅनिक. हेच हवं होतं. चहा प्यायला तंबूत कुणी येत नाही, त्यामुळे कामाला वेळ भरपूर.

शनिवार, २ जून
महिनाभर मशीन चाललं. (माझ्या देखरेखीखाली.) छगन डाव्या हाताने लिव्हर ओढतो. बांधाचं वीस फूट खिंडार तेवढं राहिलंय.
आज ब्लेड वर गेलं ते वरच राहिलं. खाली येईना. पश्चिमेला ढग. मी कान लावला. काही ऐकू आलं नाही.

रविवार, ३ जून
लाकडाने ठोकलं. ऑइल बदललं. नारळ फोडला. सगळा गाव बांधावर येऊन उभा. रंगुबाई म्हणाली, "मिस्त्री, न्हाई जमत तर सांगा की. आमी पाट्यांनी भरतो." दुपारपासून त्या पाट्यांनी भरतायत. एका पाटीत किती माती मावते ते बसल्या बसल्या पाहिलं.
चार वाजता केडगावच्या ट्रकबरोबर चिठ्ठी दिली. "मोझेसभाऊ, ब्लेड वर अडकलंय, पाऊस जवळ आलाय, लगेच या." खाली सही केली: छगन. त्याच्यासाठी तो नक्की येईल.

मंगळवार, ५ जून
मोझेस रजा टाकून आला. ट्रकमधून उतरला तो सरळ माझ्याकडे. म्हणाला, "मिस्त्री, तुमची चिठ्ठी मिळाली."
म्हणालो, चिठ्ठी छगनची आहे.
"छगनला लिहिता येत नाही," तो म्हणाला. "सहीच्या जागी अंगठा लावतो."
छगन शेजारीच उभा होता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. कातडी कोपरापर्यंत गुलाबी, चुरगळलेली. आठ वर्षं मी त्याच्या शेजारी बसून जेवतोय. मला माहीत नव्हतं.
लिव्हरखालच्या व्हॉल्व्हमध्ये लोखंडाचा कीस अडकला होता. मोझेस अर्धा तास मशीनखाली होता. मी पाने देत होतो. त्याने मागायच्या आत दोनदा बरोबर नंबरचा दिला.
ब्लेड खाली आलं. छगन वर चढून बसला. मी म्हणालो, छगन, तो स्क्रू मी आवळला होता. इंजिन चालू होतं, त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, ओरडून सांगितलं. बांधावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.
छगन म्हणाला, "ठाऊक हाय, मिस्त्री. बाजूला सरका, खिंडार भरायचंय."
सरकलो.